होनोलुलूत नापास, नॅशव्हिलमध्ये पास: मेंदूतली गुठळी ओढून काढण्याची गोष्ट

स्ट्रोकवर काम करणाऱ्या डॉक्टरांची दरवर्षी एक मोठी परिषद भरते, इंटरनॅशनल स्ट्रोक कॉन्फरन्स. अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन ती भरवते आणि जगभरातले न्यूरॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, नर्सेस तिथे येतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती होनोलुलूला झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये नॅशव्हिलला. मधे गेली फक्त दोन वर्षं. पण होनोलुलूत सांगितलं गेलं की मेंदूतल्या गुठळीपर्यंत नळी नेऊन ती काढायचा काही खास फायदा दिसत नाही, आणि नॅशव्हिलला एकामागून एक ट्रायलचे आकडे आले की फायदा आहे, आणि तोसुद्धा असा की स्ट्रोकच्या डॉक्टरांनी तेवढा मोठा क्वचितच पाहिलेला. रोग तोच, मेंदू तोच, कल्पना पण तीच, मग दोन वर्षांत बदललं काय? हे नीट समजून घेतलं ना, की कुठल्याही उपचाराबद्दल "रिसर्चमध्ये फेल गेलंय" असं वाचलं तर त्यापुढे कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळायला लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी स्ट्रोक म्हणजे काय ते बघू. मेंदूला रक्त नेणारी नळी एकतर फुटते किंवा तुंबते. तुंबण्याचे पेशंट जास्त असतात आणि ही सगळी गोष्ट त्यांचीच आहे. रक्ताची गुठळी हृदयातून किंवा मानेतल्या धमनीतून सुटते, प्रवाहाबरोबर वर जाते आणि जिथे धमनी अरुंद होते तिथे अडकते. बऱ्याचदा अडकण्याची जागा म्हणजे मेंदूच्या एका बाजूची मधली धमनी, जेमतेम तीनेक मिलिमीटर रुंदीची. तेवढीशी नळी बंद झाली की अर्धं अंग लुळं पडतं, तोंड वाकडं होतं, बोलणं जातं. जेफ्री सेव्हर नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये याचा हिशोब मांडला होता, की मोठ्या धमनीचा स्ट्रोक असेल तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. दर मिनिटाला! तुम्ही इथवर वाचेपर्यंत एक मिनिट नक्कीच होऊन गेलं असेल.

पण सगळा भाग एकदम मरत नाही, आणि पुढची सगळी आशा याच गोष्टीवर उभी आहे. गुठळीच्या पलीकडे जो अगदी मधला गाभा असतो तो काही मिनिटांतच जातो, त्याच्या भोवतीचा भाग मात्र आजूबाजूच्या छोट्या छोट्या आडवाटांनी येणाऱ्या थोड्याशा रक्तावर तग धरून असतो. काम बंद पडलेलं असतं पण पेशी जिवंत असतात. ग्रहणात गडद सावलीभोवती फिकट सावली असते ना, उपछाया, तेच नाव डॉक्टरांनी या भागाला दिलंय, पेनम्ब्रा. पेशंटचा हात हलत नाही याचा अर्थ हात हलवणारा भाग मेला असाच होत नाही, कदाचित तो अजून वाट बघत असतो. रक्त वेळेत पोचलं तर परत येतो, नाही पोचलं तर गाभा पसरत पसरत त्यालाही गिळतो. कोणाच्या मेंदूतल्या आडवाटा चांगल्या असतात, कोणाच्या अगदी नसल्यासारख्या, त्यामुळे एकाकडे दहा तास असतात आणि दुसऱ्याकडे एकच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग रक्त पोचवायचं कसं? १९९५ मध्ये पहिल्यांदा सिद्ध झालं की टीपीए नावाचं गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तीन तासांत शिरेतून दिलं तर फायदा होतो, २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. फार मोठी गोष्ट होती ती, त्याआधी स्ट्रोकच्या पेशंटची गुठळी काढायला डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. पण औषधाला एक मर्यादा आहे. छोटी गुठळी विरघळते, मोठी लांबलचक गुठळी हटत नाही. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की गुठळी आठ मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर टीपीएने ती मोकळी होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्यांचा स्ट्रोक सगळ्यात भयंकर, नेमकं त्यांच्याच बाबतीत औषध लंगडं पडतं.

त्यामुळे साहजिकच डोक्यात येतं, की विरघळत नाही तर सरळ ओढूनच काढू. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी घालायची, म्हणजे कॅथेटर, ती पोटातून छातीतून मानेतून वर मेंदूपर्यंत न्यायची आणि गुठळी पकडून बाहेर आणायची. ऐकायला अशक्य वाटतं पण २००४ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या उपकरणाला परवानगीसुद्धा मिळाली, त्याचं नाव मर्सी, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी वळणावळणाची तार होती ती. डॉक्टरांनी ती वापरायला सुरुवात केली, स्क्रीनवर बंद धमनी उघडताना डोळ्यांनी दिसायची, काही पेशंट टेबलवरच हात हलवायला लागायचे. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला वाटणारच ना की हे काम करतं, अजून पुरावा कशाला पाहिजे.

पण पुरावा लागतोच. कारण जे पेशंट बरे झाले ते कदाचित औषधानेही झाले असते, किंवा आपोआप. आणि जे नळी घालताना रक्तस्राव होऊन गेले त्यांचं काय? म्हणून ट्रायल करतात, म्हणजे एकसारखे पेशंट घ्यायचे, जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं की कोणाला नवा उपचार आणि कोणाला नुसता जुना, आणि ९० दिवसांनी बघायचं की कोण कसं आहे. मोजायला रँकिन नावाची पट्टी असते, शून्य ते सहा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. शून्य ते दोनमध्ये असलेला माणूस स्वतःचं स्वतः बघू शकतो, स्वतः अंघोळ करतो, स्वतःचे पैसे सांभाळतो, त्याला कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. खाली जे टक्के येतील ते बहुतेक याचेच आहेत, की किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले.

आता होनोलुलू. तिथे तीन ट्रायलचे निकाल एकत्र आले. सगळ्यात मोठी होती आयएमएस थ्री, ६५६ पेशंट. खरं तर ९०० घ्यायचे होते, पण मधेच आकडे तपासल्यावर लक्षात आलं की पुढे चालू ठेवूनही फरक दिसणार नाही, म्हणून २०१२ मध्येच थांबवली. टीपीए देऊन वर नळीचा उपचार केलेल्यांपैकी ४०.८ टक्के स्वतंत्र झाले, नुसत्या टीपीएवाल्यांपैकी ३८.७ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. दुसरी इटलीतली सिंथेसिस, ३६२ पेशंट, तिच्यात नळीवाल्यांचा आकडा उलट थोडा कमीच भरला. तिसरी एमआर रेस्क्यू, सगळ्यात छोटी, ११८ पेशंटची, तिच्यातही काही हाती लागलं नाही. तिन्ही मिळून अकराशेहून जास्त माणसं, कित्येक वर्षांचं काम, आणि उत्तर नाही असं. ज्यांनी आयुष्याची दहा-पंधरा वर्षं यात घातली होती त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं. अनेकांनी तेव्हाच म्हणून टाकलं की हा विषय संपला.

विषय संपला नव्हता. ट्रायल खोट्या नव्हत्या, त्यांनी जे मोजलं ते प्रामाणिकपणेच मोजलं होतं, पण नक्की कोणावर, कशाने आणि किती वेळाने, हे बारकाईने बघायला लागल्यावर चित्र वेगळंच निघालं.

पहिली गोष्ट म्हणजे पेशंटची निवड. गुठळी काढायची तर आधी मोठी धमनी खरंच बंद आहे का हे बघायला पाहिजे, बरोबर? त्यासाठी सीटी अँजिओग्राफी असते, शिरेत डाय सोडून काढलेला स्कॅन, काही मिनिटांचं काम. पण आयएमएस थ्री सुरू झाली २००६ मध्ये, तेव्हा हा स्कॅन सगळीकडे सर्रास होत नव्हता, आणि निम्म्याहून कमी पेशंटचा तो सुरुवातीला झाला होता. बाकीच्यांना लक्षणांच्या तीव्रतेवरून घेतलं. त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत नळी वर नेल्यावर कळलं की काढण्यासारखी गुठळी तिथे नाहीच. साप साप म्हणून भुई धोपटण्यासारखंच झालं हे, आणि अशा पेशंटला उपचाराचा फायदा होणार तरी कसा, पण सरासरी काढताना ते सगळे नळीच्या खात्यात मोजले गेले. सिंथेसिसमध्येही धमनी बंद असल्याचं दाखवायची अट नव्हती. एमआर रेस्क्यूने मात्र स्कॅन नीट केले होते, उपछाया किती शिल्लक आहे हे सुद्धा बघितलं होतं, त्यामुळे सगळं खापर निवडीवर फोडता येत नाही.

दुसरी गोष्ट उपकरण. मर्सीचा स्क्रू गुठळीत फिरवून ओढायचा, बऱ्याचदा गुठळी तुटायची, तुकडे पुढे जायचे, चार-चार वेळा प्रयत्न करायला लागायचे. पुढे एक वेगळीच कल्पना आली आणि ती जवळपास अपघातानेच सापडली. सॉलिटेअर नावाची जाळीदार नळी खरं तर धमनीच्या फुग्यावरच्या उपचारासाठी बनवलेली होती, कोणाच्या तरी लक्षात आलं की ती गुठळीच्या आत उघडली तर जाळीच्या छिद्रांत गुठळी रुतून बसते, आणि मग अख्खी जाळी गुठळीसकट मागे ओढता येते. याला स्टेंट रिट्रिव्हर म्हणतात. गुठळीच्या आरपार बारीक नळी न्यायची, जाळी उघडायची, काही मिनिटं थांबायचं म्हणजे गुठळी नीट अडकते, आणि मागून हवा खेचल्यासारखं सक्शन लावून हळूच बाहेर. ही जाळी मर्सीपेक्षा सरस आहे हे २०१२ मध्ये सिद्ध झालं होतं. पण होनोलुलूच्या ट्रायल तोपर्यंत जवळजवळ संपल्या होत्या, आयएमएस थ्रीमध्ये सॉलिटेअर वापरलेले पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. म्हणजे २०१३ मध्ये जो निकाल लागला तो जुन्या हत्याराचा होता, आणि नवं हत्यार तेव्हा बाजारात येऊन बसलेलं होतं.

तिसरी गोष्ट वेळ. धमनी उघडली, स्क्रीनवर सुंदर चित्र दिसलं, पण तोवर उपछाया मरून गेली असेल तर ते वरातीमागून घोडं. उघडलेली धमनी आणि वाचलेला मेंदू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या मते त्या तीन ट्रायलनी शिकवलेलं सगळ्यात मोलाचं. आणि ते शिकायला अकराशे पेशंटनी होकार दिला होता, हे विसरून चालणार नाही.

इकडे नेदरलँड्समध्ये एक वेगळीच ट्रायल चालू होती, एमआर क्लीन. इतर देशांत अडचण अशी होती की ज्या डॉक्टरांचा नळीवर विश्वास होता ते पेशंटला ट्रायलमध्ये टाकायचेच नाहीत, सरळ उपचार करून मोकळे व्हायचे, कारण चिठ्ठी टाकली तर आपला पेशंट साध्या उपचारात जाईल ही भीती. त्यामुळे सगळ्यात योग्य पेशंट ट्रायलच्या बाहेर आणि शंका असलेले आत. डच व्यवस्थेने ठरवलं की या उपचाराचा खर्च ट्रायलमध्ये असाल तरच मिळेल. कठोर वाटतं, पण त्यामुळे १६ केंद्रांतले पेशंट एकाच वाटेने आले आणि खरं उत्तर मिळायची सोय झाली. पाचशे पेशंट. प्रत्येकाची बंद धमनी स्कॅनवर दाखवलेली. आणि नळीच्या गटातल्या दहापैकी आठांहून जास्त जणांना नवीन जाळी.

ऑक्टोबर २०१४ मध्ये इस्तंबूलच्या वर्ल्ड स्ट्रोक काँग्रेसमध्ये निकाल सांगितला गेला. स्वतंत्र झालेले १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर. होनोलुलूनंतर दीड-पावणेदोन वर्षांनी पहिलं स्पष्ट हो.

आणि मग जे झालं ते ट्रायलच्या जगात क्वचित होतं. बाकीच्या देशांत अशाच ट्रायल चालू होत्या, त्यांच्या देखरेख समित्यांपुढे प्रश्न उभा राहिला, की एका ठिकाणी एवढा फायदा दिसला असताना आपण अर्ध्या पेशंटना चिठ्ठी टाकून त्यापासून लांब कसं ठेवायचं? म्हणून त्यांनी जमा झालेले आकडे मुदतीआधी उघडून बघितले. आणि एकेक करत ट्रायल थांबल्या, यावेळी आयएमएस थ्रीच्या अगदी उलट कारणाने.

त्यातल्या तीन नॅशव्हिलला मांडल्या गेल्या. कॅल्गरीच्या टीमने चालवलेली एस्केप, ३१६ पेशंट, स्वतंत्र झालेले २९.३ टक्क्यांवरून ५३ टक्के, आणि मृत्यू १९ टक्क्यांवरून १०.४ वर, जवळपास निम्मे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एक्स्टेंड आयए, फक्त ७० पेशंट, ४० वरून ७१. स्विफ्ट प्राइम, १९६ पेशंट, ३५ वरून ६०. तीन वेगळ्या टीम, वेगवेगळे पेशंट, दिशा एकच. ज्या पद्धतीला दोन वर्षांपूर्वी याच परिषदेत नाही म्हटलं होतं तिच्यावर याच परिषदेत शिक्कामोर्तब झालं.

मला यात एक आकडा फार आवडतो. धमनी नीट मोकळी झाल्याचं प्रमाण बघा. आयएमएस थ्रीमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास, एमआर क्लीनमध्ये ५८.७, एस्केपमध्ये ७२.४, एक्स्टेंड आयए आणि स्विफ्ट प्राइममध्ये ऐंशीच्या वर. जसजसं हे प्रमाण वाढत गेलं तसतसा पेशंटचा फायदा वाढत गेला. एस्केपने वेळेचीही शिस्त लावली होती, स्कॅनपासून जांघेत सुई जाईपर्यंत तासाच्या आत, आणि प्रत्यक्षात त्यांचा मधला आकडा ५१ मिनिटं आला. स्कॅनपासून रक्त पुन्हा वाहायला लागेपर्यंत ८४ मिनिटं. दर मिनिटाचे १९ लाख आठवले की कळतं त्या टीमने इतकी घाई कशासाठी केली.

पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, अशा पाच ट्रायलचे १२८७ पेशंट एकत्र करून हिशोब झाला. उत्तर आलं २.६. म्हणजे २.६ पेशंटवर हा उपचार केला तर त्यातला एक जण रँकिनच्या पट्टीवर निदान एक पायरी तरी जास्त बरा राहतो. एक पायरी म्हणजे थोडंसं वाटेल, पण कोणाच्या तरी मदतीशिवाय चालता न येणं आणि स्वतःचं स्वतः चालणं यात एकच पायरीचा फरक आहे.

इथे माझ्या मामांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१२ ची गोष्ट, रात्री जेवून गप्पा मारून व्यवस्थित झोपले, सकाळी उठले तर उजवी बाजू हलत नव्हती, तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? रात्री साडेदहाला. घड्याळ तिथूनच मोजतात, कारण झोपेत नक्की कधी झालं ते कोणालाच माहीत नसतं, आणि त्या हिशोबाने साडेचार तास केव्हाच उलटून गेले होते. टीपीए देता आलं नाही. कोणाची चूक नव्हती त्यात, तेव्हा नियमच तसा होता. मामा चालायला लागले पण बोलणं पूर्ण परत आलं नाही, नंतरची कित्येक वर्षं मामी त्यांची अर्धी वाक्यं पुरी करायची.

म्हणून नॅशव्हिलनंतरचा टप्पा मला जास्त जवळचा वाटतो. आडवाटांचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, तो इथे कामाला आला. घड्याळाऐवजी मेंदूकडेच का बघू नये? स्कॅनवर गाभा छोटा आणि उपछाया मोठी दिसत असेल तर कितीही वाजलेले असोत, वाचवण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे. २०१७ मध्ये प्रागच्या युरोपियन स्ट्रोक परिषदेत डॉन ट्रायल मांडली गेली, इंग्रजीतला तो शब्द म्हणजे पहाट. सहा ते चोवीस तासांच्या मधले २०६ पेशंट, त्यातले कितीतरी असेच झोपेतून उठलेले. स्वतंत्र झालेले १३ टक्क्यांवरून ४९ टक्के. मग जानेवारी २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला डिफ्यूज थ्री, सहा ते सोळा तास, १७ वरून ४५. मामांचा मेंदू त्या सकाळी कसा दिसला असता कोणास ठाऊक, पण आता तसा पेशंट आला तर निदान कोणीतरी बघतं तरी.

याचा अर्थ चोवीस तास आहेत म्हणून निवांत राहायचं असा मुळीच घेऊ नका. उशिराच्या या ट्रायलमध्ये मुद्दाम तेच पेशंट घेतले होते ज्यांच्या आडवाटा चांगल्या होत्या, आणि आपल्या माणसाच्या कशा आहेत हे घरी बसून कळत नाही. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक झालं तरी घड्याळात वेळ बघून ठेवा आणि लगेच जिथे स्ट्रोकचा उपचार होतो तिथे न्या. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, झोपून बघू म्हणतात, आणि तिथेच घात होतो.

नंतर सीमा आणखी पुढे सरकत गेली. ज्यांचा गाभा आधीच मोठा झालाय त्यांना फायदा नाही असं धरून चालायचे, २०२२ मध्ये जपानमधल्या एका ट्रायलने आणि मग २०२३ मध्ये अजून दोन ट्रायलनी दाखवलं की त्यांनाही होतो, बरा होण्याचा टक्का कमी असला तरी होतो.

आणि मग फेब्रुवारी २०२५, पुन्हा तीच होनोलुलू-नॅशव्हिलवाली परिषद, यावेळी लॉस एंजेलिसला. प्रश्न होता की मोठ्या धमनीत जमलं तर त्याच्या पुढच्या मध्यम आणि बारीक फांद्यांत अडकलेली गुठळी काढून बघायची का. एस्केप मेव्हो आणि डिस्टल, दोन ट्रायल, प्रत्येकी पाचशेहून जास्त पेशंट. दोन्हींचं उत्तर नाही असं आलं, उपचाराचा वेगळा फायदा दिसला नाही. लगेच चर्चा सुरू झाली की पेशंट बरोबर निवडले होते का, इतक्या बारीक फांद्यांसाठी आत्ताची जाळी योग्य आहे का, रक्त पोचायला किती वेळ लागला. होनोलुलूनंतर विचारलेले तेच तीन प्रश्न. यावेळी त्यांची उत्तरं कुठल्या बाजूला जातील ते आत्ता सांगता येत नाही, कदाचित बारीक फांद्यांसाठी औषधच पुरेसं असेल, पण त्या ट्रायलमध्ये नाव देणारे हजारभर लोक आणि त्यांच्या घरचे, त्यांचे आभार मात्र आत्ताच मानायला हवेत.